आयरिश सोडा ब्रेड: (अजिबात न मळता) घरच्या घरी

कॉर्ककरीण | १६ फेब्रुवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी मूळची कराडची, सहा वर्षं झाली आयर्लंडात, कॉर्कजवळ मिडलटनला. बरेच दिवस हा धागा काढायचा म्हणत होते, पण आधी मला स्वतःला नीट जमू दे म्हणून थांबले. आता जमतोय (दहातले नऊ वेळा), म्हणून लिहितेय.

इथे कुठल्याही साध्या खानावळीत सूप मागवलं की सोबत तपकिरी ब्रेडच्या दोन जाड फोडी आणि लोणी येतंच. वरून खडबडीत, आतून ओलसर, किंचित आंबट. आपल्या पावासारखा हलकाफुल नाही, दाबला तर परत वर येत नाही. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा वाटलं, हा भाकरीच्या गोत्रातला आहे, पावाच्या नाही. ते मत अजून बदललेलं नाही.

लागतात फक्त चार गोष्टी: पीठ, खाण्याचा सोडा, मीठ, ताक. यीस्ट नाही, अंडं नाही, साखर नाही, तूपलोणी नाही. म्हटलं यात बिघडण्यासारखं आहे काय? तर ओळीने चार वेळा बिघडला. पहिला तर असा झाला होता की नवऱ्याने दाराला अडकण म्हणून ठेवू का विचारलं.

आमच्या शेजारी एक आजी राहतात. ऐंशी केव्हाच ओलांडलेल्या, मूळच्या केरी काउंटीतल्या. त्या याला ब्रेड म्हणतच नाहीत, ‘केक’ म्हणतात. आपला गोड तो ‘स्वीट केक’. तर पाचव्या वेळी मी त्यांना म्हटलं, तुम्ही नुसत्या उभ्या राहा आणि माझं काय चुकतंय ते सांगा. मी पिठात ताक ओतलं, गोळा केला आणि सवयीने तळहाताच्या टाचेने रेटायला लागले. भाकरीचं पीठ मळतो तसंच, आईने शिकवलेलं, ‘जेवढं मळशील तेवढी भाकरी चांगली’. आजींनी पुढे होऊन माझं मनगटच धरलं. म्हणाल्या, “त्याने तुझं काय वाकडं केलंय गं?”

झालं, चूक सापडली. मळायचंच नाही! आपल्या हाताला ही गोष्ट सगळ्यात जड जाते, म्हणून आधी सांगतेय. कृती वाचाल, मापं घ्याल आणि मग हात आपसूक मळायला लागेल. त्याला आवरा.

आता कृती. पांढऱ्यासाठी ४५० ग्रॅम मैदा (इथला साधा ‘प्लेन फ्लावर’), एक सपाट चमचा सोडा, एक सपाट चमचा मीठ, ३५० ते ४०० मिली ताक. चमचा म्हणजे मापाचा ५ मिलीचा, आणि सपाट म्हणजे सुरीने वरून पुसून घेतलेला. तपकिरी हवा असेल तर अर्धा मैदा आणि अर्धं जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ. त्याला ताक थोडं जास्त लागतं, ४०० ते ४२५.

ओव्हन आधी २३० अंशांवर तापत ठेवा. आधी म्हणजे खरंच आधी, पिठाला हात लावायच्या आधी. सोडा तळहातावर घेऊन बोटाने चिरडा, एकही गुठळी राहता कामा नये, मग पीठ-मीठ-सोडा एकत्र चाळा. मोठ्या पसरट भांड्यात मधोमध खळगा करून जवळजवळ सगळं ताक एकदम ओता. एका हाताची बोटं ताठ आणि फाकवलेली ठेवायची, पक्ष्याच्या पंजासारखी, आणि मधून बाहेर गोल गोल फिरवायची. जोर अजिबात नाही. अर्ध्या मिनिटात पीठ गोळा होतं. ते भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट आणि थालीपिठाच्या पिठापेक्षा सैल असलं पाहिजे. बोटांना चिकटतं, दिसायला गबाळं दिसतं. तसंच हवं. कोरडं वाटलं तर उरलेलं ताक घाला.

मग पीठ भुरभुरवलेल्या ओट्यावर ते काढायचं, हात धुऊन कोरडे करायचे (आजींचा याबाबत फार कटाक्ष), कडेने हलकेच थोपटून गोल करायचं, उलटायचं आणि दोन बोटं उंचीचा गोल ठेवायचा. वर सुरीने या कडेपासून त्या कडेपर्यंत फुली मारायची, चांगली खोल. आणि चारही भागांत सुरीचं टोक एकेकदा टोचायचं. का, तर पऱ्यांना बाहेर पडायला वाट हवी! नाहीतर त्या ब्रेडला दृष्ट लावतात म्हणे. खरं कारण उघड आहे: मधला भाग जाड असतो, फुलीमुळे तिथवर आच पोचते आणि नंतर चार तुकडे हाताने मोडता येतात.

२३० वर १५ मिनिटं, मग २०० वर आणखी २५ ते ३०. बाहेर काढून उलटा धरा आणि बुडावर बोटाने टिचक्या मारा. माठ विकत घेताना वाजवून बघतो ना, तसा पोकळ आवाज आला की झाला. बद्द वाजला तर उलटाच परत पाच मिनिटं आत. कवच मऊ हवं असेल तर गरम असतानाच सुती पंच्यात गुंडाळा.

एकच पथ्य: ताक ओतल्यापासून ओव्हनचं दार लावेपर्यंत मधे फोन घ्यायचा नाही. कोणाचाही. सासूबाईंचासुद्धा.

फोटो पहिल्या प्रतिसादात टाकते.

---

पेठेतला आचारी | १६ फेब्रुवारी, रात्री ९:५२

वा, मस्त लिहिलंय. ‘त्याने तुझं काय वाकडं केलंय’ला फुटलो.

शंका: ताक म्हणजे आपलं रोजचं ताक चालेल का? आमच्याकडे जे होतं त्यात दह्यापेक्षा नळाचा वाटा मोठा असतो.

---

कॉर्ककरीण | १६ फेब्रुवारी, रात्री १०:१५

नाही चालणार हो, आचारीबुवा. इथलं ‘बटरमिल्क’ दुकानात खोक्यात मिळतं आणि ते बऱ्यापैकी दाट असतं, फेटलेल्या दह्यात अगदी थोडं पाणी घातल्यासारखं. पुण्यात करायचं तर आंबट दही २५० ग्रॅम आणि पाणी १५० मिली घुसळून घ्या, मीठ न घालता. दही गोडसर असेल तर काम होणार नाही, आंबटपणा हवाच.

गंमत म्हणजे ‘आपलं’ ताक हेच जुनं आयरिश ताक. खोक्यातलं ताक म्हणजे साय काढलेल्या दुधाला विरजण लावलेलं. पूर्वी घरोघरी साय घुसळून लोणी काढत आणि खाली उरायचं ते खरं ताक. कॉर्क तर लोण्याचंच गाव. इथलं बटर एक्स्चेंज एकेकाळी जगातला सर्वात मोठा लोणीबाजार होतं. शँडन भागात त्याच्याजवळ आता लोण्याचं संग्रहालय आहे, आलात तर दाखवीन. भोवतालच्या शेतकऱ्यांचं लोणी लाकडी पिंपांतून तिथे जायचं, तिथून जहाजांवर, आणि त्या पैशात जमीनदाराचा खंड भागायचा. लोणी विकायचं, ताक घरी राहायचं. बटाट्याबरोबर प्यायचं आणि पुढे या ब्रेडमध्ये घालायचं. ताकाचा ब्रेड का आणि लोण्याचा का नाही, याचं उत्तर त्यात आहे. आमच्या आजोळी दूध डेअरीला जायचं आणि नातवंडांना कोरा चहा मिळायचा, त्याची आठवण झाली.

---

रसायनराव | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

थोडं यामागचं शास्त्र, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. ताकातल्या लॅक्टिक आम्लाशी गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. हे लगेच सुरू होतं, यीस्टसारखं तासभर वाट बघत नाही. म्हणून धागाकर्तीचं फोनचं पथ्य अगदी बरोबर. भिजवलेलं पीठ ओट्यावर पडून राहिलं तर वायू तिथेच उडून जातो आणि ओव्हनमध्ये फुगायला काही उरत नाही.

मळायचं का नाही? मळल्याने ग्लूटेनची (गव्हातल्या चिवट प्रथिनांची) जाळी तयार होते. यीस्टच्या पावाला ती हवीच, कारण हळूहळू सुटणारा वायू तासन् तास धरून ठेवायचा असतो. इथे उलट आहे. वायू पटकन सुटतो आणि ओव्हनच्या आचेने तितक्याच पटकन बुडबुडे जागच्या जागी पक्के होतात. घट्ट जाळी झाली तर ते फुगूच शकत नाहीत. दाराचं अडकण त्यामुळेच झालं.

आयर्लंडच्या दमट, थंड हवेत पारंपरिकपणे मऊ गहू पिकतो, प्रथिनं कमी. यीस्टच्या पावाला तो नीटसा पुरत नाही, पण याला उत्तम. म्हणजे उणीव होती तीच सोयीची ठरली.

आणि सोडा वाढवू नका. ‘जास्त घातला तर जास्त फुगेल’ हा समज ढोकळा करणाऱ्या प्रत्येक घरात आहे. आम्लाला पुरून उरलेला सोडा आत तसाच राहतो, तापून वॉशिंग सोड्याच्या जातीचा होतो, आणि ब्रेड पिवळट होऊन साबणासारखा लागतो. कपभर दाट ताकाला अर्धा चमचा हा ढोबळ हिशोब. गुठळी राहिली तर तपकिरी-पिवळे ठिपके पडतात. हळदीच्या ढोकळ्यावर लाल ठिपके पडतात ना, त्याचेच हे भाऊबंद.

---

वैदर्भीय बेलफास्टकर | १७ फेब्रुवारी, दुपारी १:०५

अरे वा! आमच्याकडचं राहूनच गेलं की. मी मूळचा नागपूरचा, आता बेलफास्टला. आमच्या उत्तरेत ओव्हनची गरजच नाही, तव्यावर होतो. त्याला ‘फार्ल’ म्हणतात, म्हणजे चवथा भाग, चतकोर.

२५० ग्रॅम मैदा, अर्ध्या चमच्याहून किंचित जास्त सोडा, अर्धा चमचा मीठ, साधारण २०० मिली ताक. तसाच न मळता गोळा, थापून सव्वा-दीड सेंटिमीटर जाडीचा गोल, आणि सुरीने चार चतकोर. जाड बुडाचा तवा मंद-मध्यम आचेवर ठेवा. तेल नाही, तूप नाही, फक्त चिमूटभर पीठ टाकून पाहायचं. पीठ सावकाश बदामी झालं तर आच बरोबर, लगेच काळं झालं तर गॅस कमी करा. एका बाजूने सहा-सात मिनिटं, मग उलटून तेवढीच. शेवटी चतकोर उभे करून कापलेल्या कडा तव्याला टेकवायच्या, त्या कच्च्या राहतात.

इथली मंडळी तो मधोमध चिरून, खारवलेल्या डुकराच्या चरबीत परतून अल्स्टर फ्रायमध्ये (इथली तळलेल्या पदार्थांची न्याहारी) खातात. सोबत बटाट्याचा फार्लही असतो. मी लोण्यावर परततो आणि वरून लाल ठेचा लावतो. कोणी विचारलं तर सांगतो, ही आमच्या गावची पद्धत.

एक सूचना: आमच्या भागात दुकानात ‘सोडा ब्रेड फ्लावर’ असंच वेगळं पीठ मिळतं, त्यात सोडा आधीच मिसळलेला असतो. त्यात परत सोडा घालू नका. मी घातला होता. रूममेट दोन दिवस बोलला नाही.

---

विहिरीवरची | १७ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

फार छान धागा. एक विचारायचं होतं. पूर्वी यांच्याकडे घरोघरी ओव्हन होते का? आमच्या रत्नागिरीकडे आजी धोंडस करायची, काकडीचं. जाड बुडाच्या पातेल्यात मिश्रण ओतायचं, खाली चुलीची धग आणि वर झाकणावर निखारे. वरून खमंग खरपूस व्हायचं. ओव्हन कशाशी खातात ते तिला ठाऊक नव्हतं.

---

कॉर्ककरीण | १७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:४५

विहिरीवरची ताई, तुम्ही अगदी बरोबर नस पकडलीत. तीच पद्धत!

ओव्हन फार थोड्या घरांत असायचे. बाकी सगळीकडे ‘बॅस्टिबल’, म्हणजे बिडाचं जड, सपाट बुडाचं, खाली तीन आखूड पाय असलेलं भांडं. चुलाणाच्या वर आडवा लोखंडी दांडा असायचा, त्याला ते टांगायचं किंवा निखाऱ्यांवर टेकवायचं. आणि झाकणावर पेटत्या टर्फचे निखारे. टर्फ म्हणजे दलदलीतली कापून वाळवलेली माती, आपल्याकडच्या गोवऱ्यांसारखी रचून ठेवतात. आजी सांगतात, त्यांच्या आईला झाकण न उघडता नुसत्या वासावरून कळायचं केक झाला की नाही. मी विचारलं, तुम्हाला? तर म्हणाल्या, “मला टायमर कळतो.”

---

न्यूजर्सीची मावशी | १७ फेब्रुवारी, रात्री ११:३०

मी गेली पंचवीस वर्षं मार्चमध्ये सेंट पॅट्रिकच्या सणाला हा ब्रेड करते, पण माझा वेगळाच आहे की! त्यात बेदाणे, साखर, अंडं, लोणी आणि कॅरवेचे (शहाजिऱ्यासारखे) दाणे. आयरिश शेजारणीने दिलेली कृती आहे, तिच्या आजीची. मग खरा कोणता?

---

कॉर्ककरीण | १८ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

मावशी, दोन्ही खरे. पण तुमचा तो सणाचा, आमचा रोजचा. इथे मार्चचं काही कौतुक नाही, बारा महिने खातात. आजींच्या लहानपणी पाहुणे येणार असले की पांढऱ्या केकमध्ये मूठभर मनुका पडायच्या. त्याला ‘स्पॉटेड डॉग’ म्हणतात, ठिपक्यांचा कुत्रा. काही भागांत ‘रेल्वे केक’. कॅरवेसुद्धा काही घरांत असायचे. अमेरिकेत गेलेल्यांच्या हाताशी साखर-लोणी-अंडी आली, मग तो हळूहळू श्रीमंत होत गेला. आपल्या लोकांचं परदेशी गेल्यावर श्रीखंड कसं सुकामेव्याने गच्च होतं, तसं.

मला स्वतःला साखर घातलेला आवडत नाही. मत आहे, वाद नाही.

शिवाय इथे ब्रेडमध्ये साखर किती, हा कायद्याचा प्रश्न आहे! १९७२च्या करकायद्यात ब्रेडची व्याख्या आहे: साखर पिठाच्या वजनाच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त नको, तरच तो करमुक्त. एका मोठ्या सँडविचवाल्या साखळीच्या पावात १० टक्के निघाली, आणि २०२० साली इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हा कायद्याच्या दृष्टीने ब्रेडच नव्हे. आजींना बातमी वाचून दाखवली होती. “त्यासाठी न्यायाधीश कशाला लागतो,” म्हणाल्या.

---

शंकासूर | १८ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

रसभंग करतोय, हलकेच घ्या. सोडा ही कारखान्यातली वस्तू. आयर्लंडात ती आली १८३०च्या आसपास. मग याला ‘पारंपरिक’ कसं म्हणायचं? जेमतेम दोनशे वर्षं.

---

रसायनराव | १८ फेब्रुवारी, सकाळी ११:२५

शंकासूर, साल बरोबर आहे. आणि क्षारांनी पीठ फुगवणं हेही तिथलं मूळ नव्हे. लाकडाच्या राखेतून काढलेला क्षार घालून फुगवायची युक्ती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना ठाऊक होती, आणि १७९६ साली तिथे छापलेल्या पाककृतींच्या पुस्तकात असा क्षार वापरलाय.

पण तो टिकला आणि घराघरात शिरला आयर्लंडमध्ये, कारण चारही गोष्टी तिथे जुळून आल्या: मऊ गहू, ताक, ओव्हन नसलेलं घर आणि स्वस्त सोडा. यीस्ट जपायची कटकट नाही, फुगायला ताटकळणं नाही.

राहता राहिलं ‘पारंपरिक’. उद्या महाशिवरात्रीचा उपास समजा. तुमच्या ताटात साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची. चारही मूळ अमेरिका खंडातले. त्या न्यायाने उपाशीच राहावं लागेल.

---

शंकासूर | १८ फेब्रुवारी, सकाळी ११:३१

मान्य. वरी खाईन.

---

पेठेतला आचारी | २० फेब्रुवारी, रात्री १०:०५

मंडळी, प्रयोग केला. अहवाल देतो, हसू नका.

दही विरजायचा कंटाळा केला. म्हटलं, दाट ताक पाकिटात मिळतं, आणतो. आणलं. मैदा तोलला, सोडा चिरडला, ओटीजी २३० वर, सगळं धागाकर्तीने सांगितलं तसं. पंजा फिरवला. मळलं नाही (मनगटाला रबरबँड लावून घेतला होता, आठवण म्हणून). फुली मारली. फुगलाही हो छान! स्वयंपाकघरात वास सुटला... हिंगाचा.

पाकीट केराच्या डब्यातून काढून वाचलं. मसाला ताक.

हिंग, जिरं, मिरची, कोथिंबीर, सगळं आत. आयरिश आजींना कळवू नका. आमच्या मातोश्रींनी मात्र दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाल्या, “हांडवो बरा जमलाय.”

---

विहिरीवरची | २० फेब्रुवारी, रात्री १०:१२

मेले हसून!!

---

वैदर्भीय बेलफास्टकर | २० फेब्रुवारी, रात्री १०:४०

आचारीबुवा, त्यात थोडा ओवा आणि मेथी टाकली असती तर मी पेटंट घेतलं असतं.

---

गॉलवेतली नवशिकी | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:००

घाबरून लिहितेय. मी इथे शिकायला आलेय, होस्टेलवर राहते. काल तपकिरी सोडा ब्रेड केला, पौष्टिक म्हणून सूर्यफुलाच्या बिया घातल्या. काल मस्त लागला. आज कापला तर बियांभोवती हिरवा! चक्क हिरवागार. एका दिवसात बुरशी? मी काल तीन तुकडे खाल्लेत आणि परवा माझी परीक्षा आहे.

---

रसायनराव | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२०

घाबरू नकोस, बुरशी नाही. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक आम्ल असतं. सोड्यामुळे पीठ अल्कधर्मी झालं की त्याची प्रथिनांच्या घटकांशी क्रिया होऊन हिरवा रंग येतो. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीच दिसतो. खायला काही धोका नाही. वास घेऊन बघ: कुबट नसेल आणि वर केसाळ काही नसेल तर खुशाल खा.

पुढच्या वेळी सोडा थोडा कमी कर किंवा ताक जास्त आंबट घे, रंग कमी येईल. नाहीतर भोपळ्याच्या बिया घाल, त्या आधीच हिरव्या असतात, कोणाला कळणार नाही.

---

गॉलवेतली नवशिकी | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२४

हुश्श. धन्यवाद काका. उरलेला आत्ताच खाल्ला.

---

सुगरण नसलेली | २२ फेब्रुवारी, दुपारी १२:१५

आमच्याकडे ओव्हन नाही, ओटीजी नाही. कुकरमध्ये होईल का? मैद्याचंही वावडं आहे घरात.

---

कॉर्ककरीण | २२ फेब्रुवारी, दुपारी ३:५०

कुकरमध्ये मी कराडला गेले होते तेव्हा केला होता. शिटी आणि रिंग काढून टाकायची, तळाशी जाड मीठ, त्यावर जाळी, झाकण लावून दहा मिनिटं तापवायचं, मग तूप लावलेल्या ताटलीत ब्रेड ठेवून मंद-मध्यम आचेवर पन्नास-पंचावन्न मिनिटं. होतो, पण वरचं कवच फिकं राहतं. खरं सांगू का, बेलफास्टकरांचे फार्ल करा. तव्यावर आपला हात बसलेला असतो.

आणि मैदा नको असेल तर एक भन्नाट सोपी गोष्ट आहे, ओट्सचा ब्रेड. इथे ५०० ग्रॅमचा दह्याचा डबा मिळतो, तो डबाच माप. दही भांड्यात रिकामं करायचं, त्याच डब्याने दोन डबे ओट्स, दोन चमचे सोडा, अर्धा चमचा मीठ, एक अंडं. चमच्याने ढवळून लांबट टिनमध्ये भरायचं, १८० वर ५० मिनिटं. याला फुली नाही, पंजा नाही, काही नाही. आजी त्याला ब्रेड मानत नाहीत, पण मी दिला की संपवतात.

तपकिरी ब्रेडचं पीठ भारतात कुठून आणायचं हे व्यनितून (खासगी निरोपातून) दोघांनी विचारलंय. आपली नेहमीची कणीक फार बारीक असते आणि पाणी फार पिते, ब्रेड दडस होतो. गिरणीवाल्याला सांगा, लाडवासाठी दळतोस तसं जाडं दळ. ते इथल्या पिठाच्या सगळ्यात जवळ जातं. तेही पूर्ण नको, निम्मा मैदा हवाच.

किती टिकतो, हाही प्रश्न होता. पांढरा त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी भाजूनच बरा. तपकिरी दोन-तीन दिवस जातो.

---

न्यूजर्सीची मावशी | २३ फेब्रुवारी, पहाटे ५:१०

तुमच्या पद्धतीने काल केला, बिनसाखरेचा. मुलगा म्हणाला, “आई, तू काहीतरी घालायला विसरलीस.” नवऱ्याने मात्र पिठल्याबरोबर खाल्ला आणि उरलेला कोणाला देऊ नकोस म्हणाला. मार्चमध्ये दोन्ही करीन.

---

पेठेतला आचारी | १ मार्च, रात्री ९:२०

धागा वर काढतोय.

दुसरा प्रयत्न: दही गोड होतं, ब्रेड बसका झाला. कॉर्ककरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

तिसरा आज. दही दोन दिवस बाहेर ठेवून चांगलं आंबट केलं. निम्मं लाडवाचं पीठ, निम्मा मैदा. ताक ओतल्यापासून ओटीजीचं दार लावेपर्यंत मोजून दोन मिनिटं. मधे दारावरची बेल वाजली, मी गेलो नाही. (गॅस सिलिंडर होता. परत गेला.) ४२ मिनिटांनी टिचक्या मारल्या. माठ!

तडे गेलेलं कवच, आत ओलसर, चहाबरोबर लोणी लावून आधी दोन फोडी, मग लसणीची सुकी चटणी आणि लोणी लावून आणखी दोन. मातोश्री यावेळी हांडवो म्हणाल्या नाहीत. काहीच म्हणाल्या नाहीत, तिसरा तुकडा घेतला. फोटो जोडतोय. आजींना दाखवाल का?

---

कॉर्ककरीण | २ मार्च, दुपारी २:३५

आचारीबुवा, दाखवला. चष्मा लावून, फोन खिडकीपाशी नेऊन, दोन बोटांनी मोठा करून बघितला. रंग छान म्हणाल्या. पुणे कुठे आहे ते विचारलं. मग परत मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, “फुली उथळ आहे. पऱ्या आतच राहिल्या असतील.”

---

पेठेतला आचारी | २ मार्च, दुपारी २:५०

तरीच काल रात्री ओटीजी आपोआप टिंग वाजला. पुढच्या वेळी आरपार कापतो.